जेट स्कीला ब्रेक नसतो का? पहिल्यांदा स्वतः चालवताना काय सांभाळावं?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरात मालवणजवळच्या देवबागला जाणार आहात, जेट स्की स्वतः चालवायची आहे, पण ‘तिला ब्रेक नसतो’ असं ऐकल्यापासून धाकधूक वाटतेय. मी मालवणचा. चार सीझन पर्यटकांच्या मागे बसून जेट स्कीवर काम केलंय. तुमची भीती रास्त आहे. पण मी पाहिलं त्यात नवखी माणसं ब्रेकपेक्षा हँडलपाशी जास्त चुकतात.

आधी यंत्र बघा. जेट स्कीला बाहेर पंखा नसतो आणि सुकाणूही नसतं. पोटाखाली जाळी बसवलेलं एक तोंड असतं. तिथून पाणी आत ओढलं जातं, इंजिनाच्या दांड्यावरचा पंखा ते मागे रेटतो, त्यामागच्या स्थिर पाती पाण्याचा पीळ काढतात आणि निमुळत्या तोंडातून जोराची धार सुटते. झाडांना पाणी घालताना नळीवर अंगठा दाबला की धार लांब जाते आणि नळी हातात मागे रेटते, तसंच हे. हँडल फिरवलं की मागचं तोंड डावी-उजवीकडे वळतं. बाकी काही वळत नाही.

म्हणजे धार आहे तोवर वळण आहे. रेस सोडली की धार मरते, मग हँडल कितीही पिळा, गाडी निघाली होती त्याच दिशेने सरळ घसरत जाते.

माझ्या पहिल्याच सीझनला एक काका पुढे बसले होते. मोटरसायकलवर हात बसलेला माणूस, आत्मविश्वास दांडगा. नांगरलेल्या एका होडीकडे आम्ही जरा वेगात निघालो, ती जवळ दिसताच त्यांनी रेस सोडली आणि हँडल पूर्ण डावीकडे पिळलं. रस्त्यावर ते अगदी बरोबर ठरलं असतं. गाडी सरळ होडीकडेच जात राहिली. मी मागून हात घालून रेस ओढली तेव्हा कुठे ती वळली. होडीत दोघं जण जाळं निवडत बसले होते. त्यांनी मान वर करून आमच्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतं. त्या दिवसापासून कुणालाही पुढे बसवलं की पहिलं वाक्य एकच: समोर काही आलं तर रेस सोडू नका, थोडी ठेवून वळा.

ब्रेकबद्दल सांगायचं तर सी-डू या जेट स्कीच्या ब्रँडने २००९ साली ब्रेकची सोय आणली. त्यात मागच्या तोंडावर एक झडप उतरते आणि धार पुढच्या बाजूला वळवते. नंतर इतर कंपन्यांनीही आपापल्या पद्धती काढल्या, आणि रेस सोडल्यावरही वळण्यापुरती धार राखणाऱ्या गाड्याही आहेत. पण किनाऱ्यावर भाड्याने मिळणाऱ्या गाडीत हे असेलच असं धरून चालू नका. तिथे थांबणं म्हणजे लांबूनच वेग उतरवणं. पोहणारे, होड्या, दुसरी जेट स्की यांच्यापासून शंभर मीटर तरी राखून चाला.

अजून एक गोष्ट नवख्यांना माहीत नसते. बऱ्याच गाड्यांत क्लच नसतो, पंखा थेट इंजिनाला जोडलेला असतो. इंजिन सुरू झालं की गाडी हळूहळू पुढे सरकणारच. म्हणून लहान मुलांना पाण्यात उभं करून त्यांच्याजवळ गाडी सुरू करायची नाही.

इंजिन बंद करणारी जी दोरी असते ती मनगटाला किंवा जॅकेटला अडकवल्याशिवाय बसू नका. तुम्ही पडलात की ती निघते आणि गाडी तिथेच तरंगत थांबते. परत चढायचं ते मागून, इंजिन बंद ठेवून. गाडी उलटली तर कुठल्या बाजूने सरळ करायची ते मागच्या स्टिकरवर दाखवलेलं असतं, उलट्या बाजूने फिरवलं तर इंजिनात पाणी जाऊ शकतं. आणि मागे बसणाऱ्याने हे नीट वाचा. अचानक रेस दिली की मागचा माणूस पाठीवर पाण्यात पडतो, आणि धार गुदद्वार किंवा योनीमार्गातून जोराने शरीरात घुसून आतल्या अवयवांना गंभीर इजा होऊ शकते. याच कारणाने गाडीवरच्या सूचनेत जाड वेटसूटची (पाण्यात घालायच्या रबरी पोशाखाची) विजार घालायला सांगितलेलं असतं. साधी पोहण्याची चड्डी त्यासाठी पुरत नाही. लाज वाटते म्हणून हे कुणी बोलत नाही, पण मला ते सांगायलाच हवं.

देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते. तिथे वाळूचे पट्टे सरकत राहतात, ओहोटीला गुडघाभर पाण्यावरून गाडी नेण्याचा मोह होतो. नेऊ नका. पंखा आणि त्याभोवतीच्या कड्यात एक मिलिमीटरपेक्षाही कमी फट असते. वाळू शिरली की कडं खरवडतं, फट वाढते आणि गाडीचा जोर उतरतो. गाडीच्या तळाखाली किमान तीन फूट पाणी हवं.

सकाळी किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचं मोठं जाळं, ओढत असतील तर त्यांच्या दोन दोरांच्या मधून कधीही जायचं नाही. तो अर्धगोल घेर पाण्यात लांबवर पसरलेला असतो, आणि कितीतरी माणसांची त्या दिवसाची मजुरी त्यात असते. गाडीने दोर ओढून घेतला तर जाळं फाटतं, आणि पंख्यात गुंडाळलेला दोर सोडवताना आपलाही अर्धा दिवस जातो. तरंगते बोये दिसले तरी वळसा घाला. माझे चुलते रापणीवर होते, म्हणून याबाबतीत मी कुणाचंही ऐकून घेत नाही. डॉल्फिन दिसले तर इंजिन हळू करून लांब थांबा, पाठलाग करू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्यांना संरक्षण आहे, आणि न छेडता थांबलात तर ते बराच वेळ जवळपास राहतात.

वेळ सकाळची घ्या. दुपारनंतर वारा सुटतो आणि पाणी चोपायला लागतं. पोहता येत नसलं तरी बसता येतं, पण जॅकेटची सगळी बक्कलं लागलीत का आणि खांद्याला धरून वर ओढलं तर ते कानांपर्यंत सरकत नाही ना, हे तुमच्या मागे बसणाऱ्या जेट स्कीच्या चालकाकडून बघून घ्या. आदल्या रात्री पिऊन सकाळी डोकं जड असेल तर फेरी दुसऱ्या दिवशीची घ्या.

आणि पहिल्या पाच मिनिटांत चालकाला सांगा की मोकळ्या पाण्यात न्या. हळू वेगात रेस सोडून हँडल वळवून बघा, गाडी सरळ जाईल. मग बोटाने थोडी रेस ओढा आणि पुन्हा वळवा. आठ-दहा वेळा करा, चालक मागे असतोच.