पेट्री डिशवाले पेट्री आणि आयर्लंडचे चित्रकार पेट्री एकाच घराण्यातले का?

तुम्ही विचारलंय की पेट्री डिशचे (म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या झाकणाच्या ताटलीचे) पेट्री, पिरॅमिड मोजणारे पेट्री आणि आयर्लंडचे जलरंगातले चित्रकार जॉर्ज पेट्री, असं कानावर क्वचितच पडणारं आडनाव तिघांचं, मग हे भाऊबंद असणार ना?

नाही. आणि पहिला घोटाळा आपल्या लिपीनेच केलाय. डिशवाले जर्मन, त्यांच्या आडनावाच्या शेवटी रोमन लिपीत एक अक्षर कमी आहे. बाकीचे दोघे मुळात स्कॉटिश आडनावाचे. देवनागरीत आले की सगळे 'पेट्री'.

जर्मन पेट्री म्हणजे लॅटिनमधली षष्ठी. पेट्रुस म्हणजे पीटर, पेट्री म्हणजे 'पीटरचा'. संस्कृतात 'रामस्य' म्हणावं आणि तेच पुढे आडनाव होऊन बसावं, तसं. स्कॉटिश पेट्री हे पीटरचं किंवा पॅट्रिकचं लाडाचं रूप. स्कॉटलंडात ही दोन नावं एकमेकांच्या जागी सर्रास वापरली जात. ज्या ज्या गावात एखादा लाडका पीटर होता, तिथे पेट्री घराणं उभं राहू शकत होतं. आपल्याकडे दोन जोशी भेटले की आपण लगेच नातं लावत नाही, आधी गाव आणि गोत्र विचारतो. इथेही तोच शहाणपणा ठेवायचा.

मी सूक्ष्मजीवशास्त्राची. शिक्षण सांगलीत, नोकरी डब्लिनजवळ एका औषध कारखान्यात. त्यामुळे पहिल्या पेट्रींशी रोजचा संबंध, आणि चित्रकार पेट्रींचं गाव बसने अर्ध्या तासावर.

यूलिउस रिशार्ड पेट्री हे लष्करी डॉक्टर, बर्लिनमध्ये जिवाणूशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांचे सहायक. (हेच कॉख १८९७ मध्ये प्लेगच्या अभ्यासासाठी मुंबईत आले होते.) तोवर जिवाणू वाढवायचे म्हणजे सपाट काचेवर जिलेटिन ओतायचं आणि वर काचेची घंटा झाकायची. बघायला घंटा उचलली की हवेतली धूळ आत. १८८७ मध्ये पेट्रींनी दोन उथळ काचेच्या ताटल्या घेतल्या, एक दुसरीपेक्षा जराशी मोठी, आणि मोठीचं झाकण केलं. संपलं. निबंधाचं नावही 'कॉखच्या पद्धतीत एक छोटासा बदल' अशा अर्थाचं. जिलेटिन उन्हाळ्यात वितळायचं, ती अडचण त्याआधीच फॅनी हेसे या बाईंनी सोडवली होती. घरी जेलीत वापरायच्या त्या अगारने, म्हणजे आपल्या चायना ग्रासने. त्या बाईंचं नाव कुठल्याच भांड्याला नाही, हे मला दर वेळी खुपतं. प्रयोगशाळेत तसं पेट्रींचंही नाव कुणी घेत नाही म्हणा. आम्ही नुसतं 'प्लेट' म्हणतो. प्लेट्स ओतल्या का, प्लेट्स उलट्या ठेवल्या का. माझ्या पहिल्या महिन्यात मी त्या सुलट ठेवल्या होत्या, झाकणावरचं पाणी खाली टपकलं आणि जिवाणूंच्या सगळ्या वसाहती एकमेकींत मिसळल्या. असो.

आता तुमचे आयरिश चित्रकार. तिघांत मला हेच सर्वांत जवळचे वाटतात, म्हणून जरा लांबण लावते.

जॉर्ज पेट्री १७९० मध्ये डब्लिनमध्ये जन्मले आणि १८६६ मध्ये तिथेच वारले. वडील जेम्स हेही चित्रकार, लघुचित्रं काढणारे, घराण्याचं मूळ स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनकडचं. जॉर्ज पोटासाठी प्रवासाच्या पुस्तकांना चित्रं काढून द्यायचे. त्यासाठी पडके मठ, मोडके क्रूस, ओसाड कबरस्ताने पायाखाली घातली, आणि चित्र काढता काढता माणूस पुरातत्त्वात शिरला. त्यांचं सर्वांत गाजलेलं जलरंग चित्र शॅनन नदीकाठच्या क्लॉनमॅकनॉइज या जुन्या मठाचं. मावळतीचं ऊन, पडक्या भिंती, गोल मनोरा, आणि यात्रेकरूंची शेवटची प्रदक्षिणा. हो, प्रदक्षिणाच. माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा मी त्यांना या चित्राची छापील प्रत दाखवली. त्या म्हणाल्या, "अगं, ही तर आपल्यासारखीच माणसं दिसतात, देवळाला फेरी घालणारी."

त्या गोल मनोऱ्यांवरून त्या काळी मोठा वाद होता. आयर्लंडभर उंच, सडपातळ, दगडी मनोरे, दार जमिनीपासून बरंच वर. कुणी म्हणे फिनिशियन (भूमध्य समुद्रकाठच्या प्राचीन व्यापारी) लोकांची अग्निमंदिरं, कुणी म्हणे डेन (डेन्मार्ककडच्या) लोकांनी बांधले. रॉयल आयरिश अकादमीने निबंधस्पर्धा ठेवली. त्यात हेन्री ओब्रायन नावाच्या गृहस्थांनी हे मनोरे इराणातून आलेल्या बौद्धांनी बांधलेली लिंगप्रतीकं आहेत असं ठोकून दिलं. बक्षीस पेट्रींना मिळालं. त्यांचं म्हणणं साधं होतं: बांधकाम बघा, शेजारची चर्चेस बघा, जुने आयरिश ग्रंथ बघा. त्या ग्रंथांत या मनोऱ्यांना शब्दच मुळी 'घंटाघर' असा आहे. मठाची घंटा आणि हल्ला झाला तर आसरा, एवढं त्यांचं काम. १८४५ मध्ये ते पुस्तकरूपाने आलं आणि अग्निमंदिरं गेली. ओब्रायन पुस्तक यायच्या आधीच, १८३५ मध्ये वारले, पण शेवटपर्यंत चरफडत राहिले.

१८३० च्या दशकात आयर्लंडचे सरकारी नकाशे तयार होत होते. कुठल्या गावाचं नाव मुळात काय आणि त्याचा अर्थ काय, हे शोधणाऱ्या विभागाचे पेट्री प्रमुख. जॉन ओडोनोवन, यूजीन ओकरी यांच्यासारखी जुनी आयरिश जाणणारी माणसं हाताशी, आणि कचेरी पेट्रींच्या घरातच. सरकारने पुढे खर्चाचं कारण देऊन हे काम गुंडाळलं. कुठलंही सरकार घ्या!

शिवाय संगीत. १८५७ मध्ये ॲरन बेटांवर ते ओकरींबरोबर गेले. संध्याकाळी एका झोपडीत लोक जमायचे, एकेक जण गायचा, ओकरी शब्द टिपायचे आणि पेट्री सुरावट. मग ते व्हायोलिनवर ती वाजवून दाखवायचे. त्याआधी १८५५ मध्ये त्यांनी जुन्या आयरिश सुरावटींचा संग्रह छापला होता. त्यात लिमावाडीच्या जेन रॉस यांनी पाठवलेली एक बिननावाची चाल होती. १९१३ मध्ये त्या चालीवर एका इंग्रज वकिलाने शब्द बसवले आणि 'डॅनी बॉय' झालं. ते गाणं तुम्ही कुठे ना कुठे ऐकलेलं असणार.

पिरॅमिडवाले फ्लिंडर्स पेट्री (१८५३–१९४२) इंग्लंडचे. आईचे वडील मॅथ्यू फ्लिंडर्स, ज्यांनी जहाजाने ऑस्ट्रेलियाला वळसा घातला. पिरॅमिडच्या मापांत दैवी संकेत दडलाय असं सांगणारा एक पंथ तेव्हा जोरात होता. फ्लिंडर्स १८८० मध्ये गिझाला गेले, एका जुन्या थडग्यात राहिले, सगळं स्वतः मोजलं आणि त्या पंथाचा आधारच काढून घेतला. पुढे खापरांच्या आकारांत आणि नक्षीत होत गेलेल्या बदलांवरून कबरींचा क्रम लावायची पद्धत त्यांनी बसवली. खापरं म्हणजे कचरा नव्हे हे जगाला त्यांनी शिकवलं. त्यांची वंशशुद्धीची मतं मात्र आज वाचवत नाहीत. मेले जेरुसलेममध्ये, तिथेच पुरले, पण डोकं त्यांच्याच इच्छेनुसार लंडनला शल्यवैद्यांच्या महाविद्यालयात पाठवलं गेलं.

तुम्ही न विचारलेले पेट्रीही आहेत. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनजवळ पेट्री नावाचं उपनगर आणि रेल्वे स्टेशन आहे, ते टॉम पेट्रींवरून. स्कॉटलंडहून आधी सिडनीला आणि मग १८३७ मध्ये ब्रिस्बेनला गेलेल्या, बांधकाम करणाऱ्या अँड्र्यू पेट्रींचा हा मुलगा. लहानपणीच तिथल्या मूळ रहिवाशांची टर्बल भाषा शिकला, आणि त्याच्या आठवणी मुलीने १९०४ मध्ये छापल्या. संगणकशास्त्रवाल्यांना 'पेट्री नेट' माहीत असेल. ते कार्ल आडाम पेट्री, पुन्हा जर्मन, म्हणजे षष्ठीवाले.

जॉर्ज पेट्रींची चित्रं बघायला डब्लिनला येणार असाल तर राष्ट्रीय कलादालनात आधी विचारून या. जलरंग उजेडाने उडतात, म्हणून ती कायम भिंतीवर नसतात. इंग्रज चित्रकार टर्नरची जलरंग चित्रं तर तिथे वर्षातून फक्त जानेवारीत लावतात, देणाऱ्याची अटच तशी होती. चित्र नाहीच दिसलं तर हॅरल्ड्स क्रॉसला माउंट जेरोम कबरस्तान आहे. जॉर्ज पेट्री तिथे आहेत, अखंड.