सही टेबलाच्या पायावर कर

नोकरी सोडून अंडरग्राउंड कॉमिक्स, म्हणजे मोठ्या प्रकाशकांना टाळून आपली आपण छापलेली बेधडक चित्रकथा, काढतोयस म्हणे. जरा दम धर. तू त्या अमेरिकन व्यंगचित्रकाराचं, रॉबर्ट क्रम्बचं नाव घेतलंस म्हणून सांगतो, तो आधी क्लीव्हलंडला 'अमेरिकन ग्रीटिंग्ज'मध्ये शुभेच्छापत्रं काढत होता. हात तिथेच बसला. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या 'झॅप' कॉमिकचा पहिला अंक आला, तेव्हा प्रती बाबागाडीत घालून रस्त्यावर विकल्या. (आणि आपण कुरिअरच्या खर्चावरून रडतो!)

त्याच अंकातली, ढांगा टाकत चालणारी 'कीप ऑन ट्रकिन' माणसं पुढे टीशर्टांवर, ट्रकच्या मडफ्लॅपवर, जिथे तिथे छापली गेली. चित्रावर कॉपीराइटची नोंद (© ची खूण) नव्हती, त्यामुळे कोर्टात आधी हक्कही गेला; १९७७ साली अपिलात तो परत मिळाला. आता कायद्याने ती नोंद सक्तीची नाही, तरी तू करत जा. माझं एक चित्र दिवाळी अंकात सही कापून छापलं होतं, मानधन तर विसराच. तेव्हापासून सही कोपऱ्यात करत नाही. टेबलाच्या पायावर, धोतराच्या काठात करतो, कापली तर चित्रच लंगडं होतं.

आणि हो, आडव्या-उभ्या रेघांची छटा भरताना पहिली शाई वाळू दे. परवा पाठवलेल्या पानावर हवालदाराची मिशी पार फिसकटलीय.