खोक्यातलं जुनं डिशवॉशर लगेच चालू करू नका

कधीच न वापरलेलं, वर्षानुवर्षं खोक्यातच राहिलेलं जुनं डिशवॉशर तुम्हाला मिळालं असेल, तर नशीबवान आहात! पण न वापरलेलं म्हणजे ठणठणीत, असं समजू नका. पडून पडून रबर कडक होतं: दाराची पट्टी, नळ्या आणि मुख्य म्हणजे पंपाच्या दांड्याचं सील. ते चिकटून बसलेलं असू शकतं. थेट वीज दिली तर फाटेल, मोटरही जळू शकते. म्हणून तळाशी थोडं कोमट पाणी रात्रभर ठेवा, मग वीज जोडण्याआधीच पंप हाताने फिरवून बघा. यंत्राच्या पाटीवर लिहिलेलं व्होल्टेज घरातल्या विजेशी जुळायला हवं, अर्थिंग तर हवंच. पहिली फेरी रिकामी चालवा आणि टॉर्च घेऊन शेजारीच बसा, गळती तेव्हाच दिसते. आणि हो, सोबतची माहितीपुस्तिका फेकू नका, प्लीज!