सुपरसॉनिक वेगाचे दोन प्रवाह एकमेकांत इतके सावकाश का मिसळतात?

वेग वाढला की खळबळ वाढते, मग सुपरसॉनिक, म्हणजे ध्वनीहून जास्त, वेगाने शेजारून वाहणारे दोन वायुप्रवाह झपाट्याने मिसळण्याऐवजी रेंगाळतात कसे, असा आपला प्रश्न आहे. फोंड्याला अभियांत्रिकीचे वर्ग घेताना ही शंका माझ्यापुढे वारंवार येते.

आधी कमी वेगाचे उदाहरण घेऊ. म्हापसा नदी मांडवीला मिळते तिथे पावसाळ्यात काठावरून निरखून पाहावे. जलद आणि संथ पाण्याच्या सीमेवर भोवरे उठतात, मागचा पुढच्याला गाठून त्याच्यात विरतो आणि गढूळ पट्टा रुंदावत जातो. हाच मिश्रण-स्तर. १९७४ साली ब्राउन आणि रॉश्को या संशोधकांनी वायूंच्या प्रवाहातही असे मोठे, सुसंघटित भोवरे छायाचित्रांत टिपले. सुपरसॉनिक स्तर हळू वाढतो हे तेव्हा ठाऊक होते. त्याचे खापर घनतेतील फरकावर फोडले जाई. या दोघांनी हेलियम आणि नायट्रोजन कमी वेगाने वाहवून दाखवले की केवळ घनतेच्या फरकाने एवढी घट होत नाही. दोष संपीड्यतेचा, म्हणजे दाबाखाली वायू आकसण्या-फुगण्याच्या गुणाचा, होता.

येथे मोजायचा आकडा वेगाचा नसून वेगांतील फरकाचा आहे. दोन्ही प्रवाहांच्या वेगांतील फरकाला त्यांच्यातील ध्वनिवेगांच्या बेरजेने भागले की मिळतो तो संवहनी माख अंक. दोन्हीकडे ध्वनीचा वेग सेकंदाला ३०० मीटर धरू. प्रवाह ९०० आणि ८०० मीटर वेगाचे असतील तर हा अंक ०.१७ च्या आसपास येतो, आणि दोन्ही सुपरसॉनिक असूनही त्यांचा स्तर जवळजवळ मांडवीसारखाच वागतो. तेच ९०० आणि ३०० असतील तर अंक १ होतो. पापामोशू आणि रॉश्को यांच्या १९८८ च्या प्रयोगांत अशा परिस्थितीत स्तराच्या वाढीचा दर कमी वेगाच्या तशाच स्तराच्या सुमारे पाचव्या हिश्शावर आला. इतरांच्या मोजमापांत घट याहून कमी दिसते.

कारणाबद्दल मात्र बराच काळ गैरसमज होता. भोवऱ्यांत इवले आघात-तरंग, म्हणजे दाब एकदम उसळवणाऱ्या लाटा, उठतात आणि ऊर्जा खाऊन टाकतात, अशी आकर्षक कल्पना १९९० च्या सुमारास मांडली गेली. पुढे संगणकीय अनुकरणांनी तो वाटा किरकोळ ठरवला. खरी गोष्ट दाबाची आहे. प्रवाहाच्या दिशेतील वेगाच्या चढउतारांची ऊर्जा काढून ती आडव्या दिशेला पुरवण्याचे काम दाबाचे चढउतार करतात, आणि दाबाचा निरोप ध्वनीच्या वेगानेच जातो. भोवऱ्याच्या दोन काठांमधील वेगांतर ध्वनिवेगाच्या तोडीचे झाले की या काठाची हालचाल त्या काठापर्यंत वेळेत पोचत नाही; आडवे चढउतार मंदावतात, त्यांच्याबरोबर घर्षण-ताण (थरांची एकमेकांवरची ओढ) आणि खळबळीची निर्मितीही घटते. संवहनी अंक ०.६ च्या पुढे गेला की प्रवाहाला काटकोनात पसरलेल्या सरळ भोवऱ्यांऐवजी तिरक्या, त्रिमितीय हालचाली वरचढ ठरतात.

स्क्रॅमजेट, म्हणजे सुपरसॉनिक वेगाने वाहणाऱ्या हवेतच इंधन जाळणारे इंजिन, बनवणाऱ्यांची खरी डोकेदुखी हीच. इस्रोने २८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून उडवून पाहिलेल्या अशा इंजिनात हवा ज्वलनकक्षात जेमतेम काही मिलिसेकंद थांबते, आणि तेवढ्यात इंधन तिच्यात मिसळून जळायला हवे. म्हणून निव्वळ मिश्रण-स्तराच्या भरवशावर न राहता, प्रवाहात पाचरीसारखे खांब उभे करून त्यांच्या मागून इंधन सोडतात, किंवा प्रवाहाच्या दिशेने पिळत जाणारे भोवरे मुद्दाम निर्माण करतात.