स्क्रोलबार रंगवावा की आहे तसा ठेवावा?

प्रश्न : आमच्या वाचनालयाची ग्रंथसूची नुकतीच संकेतस्थळावर आली. ते तयार करणाऱ्या तरुणाने उजवीकडचा स्क्रोलबार (पान वरखाली सरकवण्याची पट्टी) पाच पिक्सेल रुंद, साईच्या रंगावर फिकट केशरी असा केला आहे. दिसतो छान, परंतु ज्येष्ठ सभासदांना तो माउसने पकडता येत नाही आणि फायरफॉक्समध्ये तो नेहमीसारखा करडाच दिसतो. काय करावे?
— एक कार्यवाह

उत्तर : संपूर्ण पानाचा स्क्रोलबार ब्राउझरच्या स्वाधीन करावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाच पिक्सेलच्या पट्टीवर नेम धरताना हात किंचित हलला, तरी पट्टी जागची हलत नाही आणि शेजारच्या पुस्तकांची नावेच निळी होऊन निवडली जातात. सभासदांची तक्रार बहुधा हीच असावी. रंगाचा मुद्दा याहून गंभीर आहे. २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या सुगम्यतेच्या निकषांनुसार अशा घटकांचा लगतच्या रंगाशी किमान ३:१ इतका विरोध (कॉन्ट्रास्ट) असावा लागतो. घटकाचे रूप ब्राउझरनेच ठरवलेले असेल आणि आपण त्याला हात लावला नसेल, तर ही अट लागू होत नाही. रंग बदलला की जबाबदारी आपल्यावर येते. साईच्या रंगावरचे फिकट केशरी या कसोटीला उतरत नाही.

फायरफॉक्सबद्दलची शंका रास्त आहे. आपल्याकडे बहुधा वेबकिट घराण्याचे, म्हणजे सफारी, क्रोम अशा ब्राउझरांना कळणारे, जुने नियम वापरलेले आहेत आणि ते फायरफॉक्सला कळतच नाहीत. स्क्रोलबारचा रंग व रुंदी ठरवणारे स्क्रोलबार-कलर व स्क्रोलबार-विड्थ हे प्रमाणित गुणधर्म फायरफॉक्सने २०१८ मध्ये, तर क्रोमने २०२४ मध्ये स्वीकारले. त्यांत एक मेख आहे : दोन्ही प्रकारचे नियम एकत्र लिहिल्यास आजचा क्रोम प्रमाणित गुणधर्म मानतो आणि जुन्या नियमांकडे ढुंकूनही पाहत नाही. शिवाय स्क्रोलबार-विड्थला पिक्सेलमध्ये माप देता येत नाही. नेहमीचा, बारीक किंवा अदृश्य एवढेच पर्याय असतात, आणि त्यांतला अदृश्य आपण विसरूनच जावे. (रंगाची ही हौस नवी नाही, इंटरनेट एक्स्प्लोररच्या ५.५ या आवृत्तीतही स्क्रोलबार रंगवता येत असे.)

हौस पुरवायचीच असेल, तर नियमावलीसारख्या एखाद्या छोट्या चौकटीत पुरवावी. तिथे रंग गडद तपकिरी घ्यावा, रुंदी मात्र नेहमीचीच ठेवावी. मॅकवर ट्रॅकपॅड वापरताना मूळ स्क्रोलबार एरवी लपलेला असतो, त्यामुळे केवळ त्यावर पाहून काम पसंत करू नये. वाचनालयातल्याच विंडोजच्या संगणकावर, एखाद्या ज्येष्ठ सभासदाला माउसने पट्टी ओढत सूचीच्या ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत जायला सांगावे आणि आपण शेजारी उभे राहून नुसते पाहावे.