रोज ४८ सूर्यनमस्कार घालतो, तरी कथा लिहायला बसलो की डोकं रिकामं. योगाने सर्जनशीलता आणि व्यक्तिमत्त्व खरंच फुलतं का?

आधी मोजणं थांबवा. ४८ काय नि १०८ काय, शेवटचा नमस्कार झाला की टॉवेल खांद्यावर टाकून थेट लॅपटॉपसमोर बसत असाल, तर घामापलीकडे हाती काही लागणार नाही. नमस्काराने दम वाढतो, अंग मोकळं होतं, कबूल. पण सुचायला मन निवावं लागतं आणि ते काम शवासनाचं. नेमकं त्याच वेळी अर्धा वर्ग सतरंज्या गुंडाळून पळतो. 'झोपायचंच तर घरी झोपू' हे न ऐकलेला योगशिक्षक मला दाखवा.

या मंडळींना मेन्यूहिन यांचा किस्सा सांगावा. १९५२ साली व्हायोलिनवादक यहुदी मेन्यूहिन मुंबईत आले होते, दौऱ्याने पार शिणलेले. पुण्याहून योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार गुरुजी भेटायला गेले, तर मेन्यूहिन म्हणाले, पाचच मिनिटं देतो. गुरुजींनी शीर्षासन-बिर्षासन काही न सांगता त्यांना शवासनात निजवलं. गृहस्थ तासभर गाढ झोपले! पुढे त्यांनी गुरुजींना घड्याळ दिलं, त्यावर कोरलेलं: 'माझ्या सर्वोत्तम व्हायोलिन शिक्षकास.' व्हायोलिन धरणाऱ्याची हनुवटी आणि डावा खांदा कायम आवळलेले असतात. तुमचा बहुधा उजवा असेल, माउसमुळे.

तेव्हा लिहायला बसण्याआधी २५ मिनिटं काढा. कंबरेच्या उंचीवर भिंतीला तळवे टेकून, कंबरेतून पुढे वाकून अर्ध उत्तानासन, १ मिनिट. मग गोमुखासनाचे हात, म्हणजे एक खांद्यावरून आणि दुसरा खालून पाठीमागे नेऊन बोटं गुंफायची. बोटं भेटत नसतील तर मध्ये पट्टा किंवा जुना पंचा धरा, ओढाताण नको. दोन्ही बाजूंना ४० सेकंद. मग कंबरेखाली लोड घेऊन भिंतीला पाय लावून विपरीत करणी, ५ मिनिटं. उरलेला सगळा वेळ शवासनाला.

चुका इथेच होतात. चादरीची घडी डोकं आणि मानेखाली हवी, खांद्यांखाली सरकली की छाती दबते. हनुवटी छताकडे गेली की डोकं चालूच राहतं. ती कपाळापेक्षा किंचित खाली हवी. डोळ्यांवर सुती कापडाची घडी ठेवा. आणि जीभ बघा, टाळूला चिकटलेली सापडेल. मनात बडबड चालली की ती बारीक हलत राहते. तिला खालच्या जबड्यात सैल सोडा. उच्छ्वास लांबवा, श्वास आपोआप येऊ द्या, रोखून धरू नका. पहिला आठवडा घोराल. झोपेची थकबाकी असते ती, फिटू द्या. मध्येच काही सुचलं तरी मोबाइलकडे हात नको. उजव्या कुशीवर वळा, मिनिटभर थांबा, उठून बसा, मग वही उघडा.

व्यक्तिमत्त्वाचं म्हणाल, तर पतंजलींनी यम-नियम, म्हणजे इतरांशी वागण्याची आणि स्वतःची शिस्त, आधी ठेवलेत, आसन तिसरं. तिकडे ढुंकूनही न बघता मोठं व्हायचं असेल तर अवघड आहे.

हां, एक राहिलंच. काचबिंदू किंवा आटोक्यात नसलेला रक्तदाब असेल तर विपरीत करणी गाळा. गरोदरपणाचे महिने भरत आले असतील तर उताणं न निजता कुशीवर पडा. पोटभर जेवणानंतर ४ तास तरी यातलं काही नको. आणि वेळ कमी पडला तर नमस्कार २० करा, शवासनाची मिनिटं कापू नका.