बर्ग, बुर्ग आणि आपला दुर्ग

प्रश्न असा आला आहे: 'जर्मनीतल्या न्यूरेंबर्गमध्ये टेकडीवर मोठा किल्ला आहे. मग त्या नावातला बर्ग म्हणजे आपला दुर्गच ना? की बुरूज?'

दोन्ही नाही. दुर्ग हा शब्द दुर् + गम्, म्हणजे जिथे जाणं अवघड ते ठिकाण. जर्मन बुर्गशी त्याचं फक्त यमक जुळतं. बुरूज आपल्याकडे अरबी 'बुर्ज'वरून फारसीमार्गे आला. त्या अरबी शब्दाच्या मागे ग्रीक 'पिर्गॉस' आहे असं सहसा मानतात. पिर्गॉस आणि बुर्ग यांचं काही नातं आहे का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, त्यामुळे ती वाट इथेच सोडू.

खरी गंमत मराठी लेखनात आहे. इंग्रजीच्या नादाने आपण सगळ्यालाच 'बर्ग' लिहितो आणि दोन वेगळे जर्मन शब्द एकाच पोत्यात भरतो. बुर्ग म्हणजे गड आणि बेर्ग म्हणजे डोंगर. हाम्बुर्ग, आउग्सबुर्ग, माग्देबुर्ग यांत गड आहे. हायडेलबेर्ग आणि न्युर्नबेर्ग (म्हणजे आपलं न्यूरेंबर्ग) यांत डोंगर. म्हणजे ज्या गावाच्या डोक्यावर जर्मनीतला एक नामांकित गड बसलाय, त्याच्या नावात गड नाहीच! 1050 सालच्या एका दस्तऐवजात हे नाव पहिल्यांदा सापडतं. सम्राट तिसऱ्या हाइनरिशने सिगेना नावाच्या एका दासीला मुक्त केलं, त्याचा तो लेख. त्यात गावाचं नाव 'नोरेनबेर्क' आहे. त्याचा अर्थ सहसा 'खडकाळ टेकडी' असा लावतात. टेकडी वालुकाश्माची आहे. गडावरची खोल विहीर त्याच खडकात सुमारे 50 मीटर खोदलेली आहे. वरून पाणी ओतून दाखवतात, तेव्हा आवाज खालून वर यायला काही सेकंद लागतात.

तरीही बुर्ग आणि बेर्ग परके नाहीत. दोघांच्या मुळाशी 'उंच' हा अर्थ मानतात. संस्कृत बृहत् आणि इराणातल्या अल्बुर्झ पर्वताचं नावही त्याच कुळातलं. म्हणजे पत्रिका जुळवायचीच असेल तर दुर्गाशी नव्हे, बृहत्शी जुळवा.

आता बुर्गचं पुढचं पोर: ब्युर्गर, म्हणजे नागरिक. जुन्या काळी बुर्ग म्हणजे नुसता गड नव्हे, तटबंदीतली वस्तीसुद्धा. त्या वस्तीत राहणारा तो ब्युर्गर. नगरावरून नागरिक, तसंच. आपल्या डाव्या मंडळींचा लाडका 'बूर्झ्वा' फ्रेंचमार्गे याच घरातून आला. वडापावशेजारी मिळणाऱ्या बर्गरमध्येही हाम्बुर्गचा गड आहे, खाताना लक्षात येत नाही इतकंच.

न्युर्नबेर्गमध्ये मात्र बुर्ग आणि ब्युर्गर या दोन शब्दांचं प्रत्यक्ष भांडण झालं. गडाचा एक भाग सम्राटाचा. शेजारचा भाग सम्राटाच्या प्रतिनिधीचा, ज्याला म्हणत बुर्गग्राफ. मी याला बेधडक 'गडकरी' म्हणेन, फक्त हा वंशपरंपरागत आणि बराच उर्मट गडकरी. 1190 च्या दशकापासून हे पद होहेनत्सोलर्न घराण्याकडे होतं. खाली गावातले व्यापारी-कारागीर श्रीमंत होत गेले. 1219 मध्ये जर्मन राजा दुसऱ्या फ्रीडरिशने (पुढे तोच सम्राट झाला) सनद दिली, त्यामुळे गावावर सम्राटाशिवाय कोणाची धनीगिरी उरली नाही. गडकऱ्याला हे कसं रुचावं?

1377 मध्ये गावकऱ्यांनी गडकऱ्याच्या वाड्याला खेटूनच एक उंच मनोरा उभारला आणि त्याला नाव पडलं लूगिन्सलांड, शब्दशः 'मुलखात डोकाव'. नावात मुलूख असला तरी डोकवायचं होतं शेजाऱ्याच्या अंगणात. 1420 मध्ये बव्हेरियाच्या एका ड्यूकच्या माणसांनी गडकऱ्याचा भाग जाळला. घराणं तोवर ब्रांडेनबुर्गची गादी मिळवून तिकडे रमलं होतं (इथे मात्र खरंच बुर्ग आहे). 1427 मध्ये त्यांनी जळके अवशेष गावालाच विकून टाकले. ब्युर्गर लोकांनी बुर्गग्राफाची जागा रोख पैसे मोजून घेतली. पुढे 1495 च्या सुमारास लूगिन्सलांडला लागूनच गावाने धान्याचं भलंमोठं कोठार बांधलं. आज त्यात प्रवासी तरुणांचं वसतिगृह आहे.

लिहायचं कसं, हेही विचारलंय. 'न्यूरेंबर्ग खटले' (दुसऱ्या महायुद्धानंतर नाझी पुढाऱ्यांवर चाललेले) इतकं रुळलंय की ते बदलायच्या फंदात मी पडणार नाही. पण गडाबद्दल लिहिताना त्याला 'राजवाडा' म्हणू नका. राजवाड्यासाठी जर्मनमध्ये 'श्लॉस' आहे, ज्याचा दुसरा अर्थ कुलूप. बुर्गला साधा, सरळ 'गड' म्हणा.